सातातला एक

आमच्या कॉलनीच्या मतदान केंद्रावर पडलेल्या उमेदवाराला अवघी सात मते मिळाली आणि त्या सातांतले एक माझे आहे, ही गोष्ट मी अजून पत्नीलाही सांगितलेली नाही. त्यात तिचेही एक असावे, असा मला दाट संशय आहे. पण ती विचारत नाही, म्हणून मीही विचारत नाही.

निकालानंतरच्या रविवारी आसोद्याच्या शिवारात कॉलनीची भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्यांचे पीठ मळून तयार होते, आणि कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी एका कडेला कांद्याची पात निवडत बसलो होतो. तेवढ्यात आप्पा नेमके माझ्याच सतरंजीवर येऊन टेकले.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. निवडून आलेल्या उमेदवाराचे ते मतमोजणी प्रतिनिधी होते आणि तो बिल्ला निकालाला चार दिवस उलटूनही त्यांच्या गळ्यात होता. त्यांनी खिशातून मतदार यादीची घडी काढली, माझ्या निवडलेल्या पातीवरच ती पसरली आणि आवाज खाली आणून विचारले, "भाऊ, ह्या सात जन कोन शेतस?"

यादीतल्या बहुतेक नावांवर लाल खुणा होत्या. उरलेल्यांविरुद्ध आप्पांनी जो पुरावा जमवला होता, तो ऐकून पोलीस खात्याने त्यांना नोकरीत घ्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईंनी विजयाचा पेढा अर्धाच खाल्ला होता. एका गृहस्थांनी निकालाच्या दिवशी दुपारी दोनलाच दूरदर्शन संच बंद केल्याचे भिंतीपलीकडून ऐकू आले होते. कोपऱ्यावर राहणारे, भुसावळला नोकरी करून निवृत्त झालेले रेल्वेवाले काका दम्याचे निमित्त सांगून गुलाल लावून घेत नव्हते. "आनि रंगपंचमीले दमा कोठे गयथा?" असे म्हणून आप्पांनी त्यांच्या नावाभोवती वर्तुळ काढले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मतमोजणीचे काम करणाऱ्यावर मतदानाची गुप्तता राखण्याचे बंधन आहे आणि ती मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला त्या क्षणी तोंडपाठ आठवत होते. मी एवढेच म्हणालो, "आप्पा, पात आणखी बारीक चिरू का?"

खरे तर आप्पांचाही सगळा दोष नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत तरी होती. यंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा बाहेर पडतो. मत गुप्त राहते, पण गल्ली उघडी पडते. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि आप्पा पाच वर्षे दिसतात.

माझे आजोबा डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते आणि इंग्रजांचे राज्य असताना ते गावभर सांगत फिरत. त्यांच्या नातवाला मात्र स्वतंत्र देशात, वांग्याच्या साक्षीने, एक मत कबूल करता येत नव्हते. कबूल केले असते तर कोणी मारले नसते, हेही मला ठाऊक आहे. फक्त वर्गणीच्या वेळी जरा जास्त हसले असते, नळाच्या तक्रारीवर माझी सही सर्वांत खाली घेतली असती, आणि पुढच्या पार्टीचे निमंत्रण "द्यायचे राहून गेले" असते. याला भीती म्हणावे तर लाज वाटते, आणि न म्हणावे तर दुसरा शब्द सापडत नाही.

"तुमना तं प्रश्नच नही," आप्पा माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. मला हायसे वाटले आणि लगेच अपमानही वाटला. अर्थात प्रश्न का असावा? प्रचारात त्यांच्या पोरांनी मला न विचारता माझ्या फाटकावर झेंडा बांधला, तेव्हा स्टूल हलू नये म्हणून ते धरून मीच उभा होतो.

मग मी जे बोललो त्याचा राग अजून गेलेला नाही. काकांचा दमा खरा आहे, त्यांना मीच दोनदा दवाखान्यात नेले आहे, एवढे सांगायचे होते. मी म्हणालो, "हो, रंगपंचमीला मीही पाहिले होते त्यांना."

आप्पांनी वर्तुळावर आणखी एक वर्तुळ काढले. पलीकडे काका स्वतःच्या हाताने वांग्यांची साले काढत होते आणि धुराने खोकत होते. त्यांनी पहिली गरम पुरी मलाच आणून दिली.

उठताना आप्पांनी यादीची घडी माझ्या खिशात कोंबली. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा उरलेल्या सहा जणांचा हिशेब पुढच्या रविवारपर्यंत मीच करून द्यायचा आहे.