शंभर भागधारक जमवले की बुडालेले पैसे परत? थांबा

कोल्हापुरातल्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘शेअरमध्ये पैसे बुडालेत? आता सर्किट बेंच आपल्या दारात आहे. शंभर भागधारक जमवा, फी भरा, सामूहिक दावा लावा. पूर्ण रक्कम व्याजासह परत.’ यातला शंभरचा आकडा तेवढा खरा आहे. बाकीचं वाचून कुणी फी भरू नये, म्हणून हा खुलासा.

आधी बेंच. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं, याचा आनंद आम्हालाही आहे. पण कंपनी कायद्याच्या कलम २४५ खालचा सामूहिक दावा तिथे लागत नाही. तो एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात लागतो. कुठल्या शहरात, हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरतं. कार्यालय महाराष्ट्रात असेल तर मुंबई. तुम्ही राजारामपुरीत राहता याला तिथे किंमत नाही.

आता शंभर. नियम असा: एकूण भागधारकांचे ५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तो आकडा, नाहीतर सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीचं २ टक्के भांडवल हाती असलेले लोक. पण हे सगळे एकाच कंपनीचे भागधारक हवेत. वीस कंपन्यांत पोळलेले शंभर जण एकत्र आले तर दावा उभाच राहत नाही. बँकांना हे कलम लागू नाही. आणि दावा निरर्थक ठरला तर दावा लावणाऱ्यांवरच समोरच्या पक्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च द्यायची वेळ येते, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘पूर्ण रक्कम’ हा तर सरळ खोटा शब्द आहे. ८०० ला घेतलेला शेअर २०० वर आला, एवढ्यावर कुणी भरपाई देत नाही. खोटे हिशेब, प्रॉस्पेक्टसमधली (शेअर विक्रीच्या माहितीपत्रातली) दिशाभूल, पैसा दुसरीकडे वळवणं, असं काहीतरी सिद्ध करावं लागतं आणि नुकसान त्यामुळेच झालं हेही दाखवावं लागतं. हिशेबाच्या घोटाळ्यात सापडलेल्या सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण देतात, त्या १२.५ कोटी डॉलरची तडजोड अमेरिकेतल्या कोर्टातल्या दाव्यात झाली होती. इथल्या छोट्या भागधारकांना तशी भरपाई मिळाली नाही.

खरी संधी असते ती ब्रोकरविरुद्धच्या तक्रारीत, आणि तीच कुणी सांगत नाही. ब्रोकरच्या अधिकृत प्रतिनिधीच्या (लोक अजून त्याला सब-ब्रोकर म्हणतात) ऑफिसातल्या माणसाने तुम्हाला न विचारता ऑप्शनचे (भावाच्या चढउतारावरचे जोखमीचे) सौदे केले, तर जबाबदारी मूळ ब्रोकरवर येते. तुम्ही ऑर्डर दिली होती, हे रेकॉर्डिंग, ई-मेल किंवा सहीच्या कागदाने सिद्ध करायचं काम ब्रोकरचं, असं शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिचं २०१८ चं परिपत्रक सांगतं. मात्र कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली सौद्यांची पावती) रोज ई-मेलवर, एक्स्चेंजचे एसएमएस मोबाइलवर, आणि सहा महिने तुम्ही गप्प, मग ‘तुम्हाला मान्य होतं’ असा बचाव येतो. तक्रारी इथेच ढिल्या पडतात. दुसरी चूक म्हणजे पासवर्ड आणि ओटीपी त्याच माणसाला देणं.

क्रम असा ठेवा. आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाला ई-मेल, सोबत लेजर (खात्याचा उतारा), कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि तारीखवार नुकसानीचा तक्ता. मग सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. उत्तराला २१ दिवस. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागा. तरीही सुटलं नाही तर स्मार्ट ओडीआर हे वाद सोडवायचं पोर्टल: आधी समेट, नंतर लवाद, सगळं ऑनलाइन. मुंबईला खेटे नकोत.

दरमहा ठरावीक परताव्याच्या बोलीवर ‘ट्रेडिंग कंपनी’त पैसे ठेवले असतील, तर तुम्ही भागधारक नव्हेच. ती ठेव. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते. तिथेही शंभर जणांची अट नाही. एकट्याने फिर्याद देता येते.

फी मागणाऱ्याला एकच विचारा: दावा कुठल्या कंपनीवर आणि कुठल्या कलमाखाली? तोवर घरी कॉन्ट्रॅक्ट नोट काढून तारीख बघा. स्कोअर्सची मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे.