मान नव्हे, खाच!

इंग्लंडमधल्या पबच्या पाट्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'द स्वान विथ टू नेक्स' या पबच्या पाटीवरचा दोन मानांचा हंस ही 'चित्रकाराची कल्पनाभरारी' आहे, हे वाक्य खटकलं. तो मूळचा 'टू निक्स', म्हणजे दोन खाचांचा हंस, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. थेम्सवरच्या हंसांची मालकी राजा आणि लंडनचे दोन जुने व्यापारी संघ यांच्यात वाटलेली. दारूवाल्या व्हिंटनर्सच्या हंसांच्या चोचीवर दोन खाचा, रंगारी डायर्सच्या हंसांना एक, राजाच्या हंसांना एकही नाही. म्हणजे पाटीवर दारूविक्रेत्यांचीच खूण होती! पुढे 'निक'चं 'नेक' झालं आणि पाटीच्या चित्रकाराने इमानदारीत दुसरी मान काढून दिली.

ज्या हंसगणतीत या खाचा पाडल्या जायच्या, ती दर जुलैत अजूनही होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं थेम्सकाठी राहायचो, तेव्हा मार्लोजवळ मी ती पाहिली आहे. लाल डगल्यातली राजाची माणसं होड्यांनी पिल्लांना घेरतात, अलगद उचलून काठावर गवतात ठेवतात, वजन करतात. राखाडी पिसांचं ते पिल्लू पाय बांधलेले असूनही मान ताठ करून टकामका बघत होतं. आता चोच कापत नाहीत, पायात कडं घालतात. एवढी जिवंत गोष्ट त्या पाटीमागे असताना ती एका शब्दात उडवून लावू नका, लेखात नक्की जोडा.