‘तोडफोड न करता म्हातारपणाचं घर’: त्या पाच सूचनांना उत्तर

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो. मुलं पुण्याबाहेर किंवा परदेशात असतील, तर हमखास त्यांच्याकडूनच येतो. आशय असा: आई-बाबांचं घर उतारवयासाठी तयार करायला तोडफोड लागत नाही. बाथरूममध्ये जुन्या फरशीवरच अँटीस्किड टाइल चिकटवा आणि ग्रॅब बार (भिंतीवरचे धरायचे दांडे) लावा. दारात रॅम्प करा. फाइव्ह स्टार एसी घ्या. गच्चीवर सोलर बसवा, म्हणजे लाइट जायची चिंता मिटली. सगळीकडे कमी वॉटचे एलईडी लावा. आठवड्यात काम संपतं.

पाठवणाऱ्यांची काळजी खरी असते. पण यादी जशीच्या तशी केली तर पैसे जातात आणि पडण्याचा धोकाही राहतो. म्हणून एकेक सूचना घेऊ.

पहिली सूचना: टाइलवर टाइल आणि ग्रॅब बार

टाइलची जाडी 8 ते 9 मिमी, खाली अॅडहेसिव्ह 3 ते 5 मिमी. म्हणजे फरशी 11 ते 14 मिमी वर येते. त्याचे परिणाम तीन. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीच्या जवळ आली की पाणी बाहेर येऊ लागतं, मग दारात दगडी पट्टी वाढवली जाते आणि पाय अडखळायला नवा उंबरठा तयार होतो. कमोड न काढता टाइल लावली, तर कमोड तेवढाच बुटका होतो. आणि जुना उताराचा घोळ तसाच राहतो: नाहणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) न जाता कोपऱ्यात साचणारं पाणी नव्या टाइलवरही साचतं. साचलेल्या पाण्यात साबण आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मिळून जो थर बसतो, त्यावर कुठलीही अँटीस्किड टाइल घसरते.

करायचं ते असं. जुनी फरशी काढा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, भिंतीवर निदान 300 मिमी आणि अंघोळीच्या जागी 1.8 मीटरपर्यंत चढवा. मग ट्रॅपला बोळा मारून 48 तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घराचं छत बघा. ही चाचणी टाइल बसण्याआधी झाली पाहिजे. गवंडी घाईत असतो, पण इथे ऐकू नका. उतार मीटरला 10 ते 12 मिमी. दारात फरक ठेवायचाच असेल तर 12 मिमीपेक्षा कमी आणि कड तासलेली.

टाइल घेताना नुसत्या ‘अँटीस्किड’ शब्दावर जाऊ नका. आर-9, आर-10, आर-11 हे आकडे बूट घालून, तेल टाकलेल्या उतारावर चालून काढलेले असतात. ओल्या अनवाण्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे. अंघोळीच्या जागी बी किंवा त्याहून वरची मागा. 300 × 300 मिमी किंवा लहान टाइल चांगली, कारण सांधे जास्त, पकड जास्त आणि उतारही नीट मिळतो. फार खरबरीतही नको. पाय ओढत चालणाऱ्या माणसाचा अंगठा तिथे अडतो आणि मळ निघत नाही.

आता ग्रॅब बार. मेसेजमधली सर्वांत धोकादायक ओळ हीच, कारण लावलेला बार माणसाला विश्वास देतो आणि नेमक्या वेळी भिंतीतून निघून हातात येतो. अलीकडच्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात (बोलीत सिपोरेक्स). त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकून बसवलेला स्क्रू 70 किलोच्या घसरत्या माणसाचा झटका पेलत नाही. व्हॅक्यूमवर चिकटणारे बार तर घेऊच नका, आणि टॉवेल रॉडला बार समजू नका. बार किमान 130 किलोचा ओढा सहन करणारा हवा, नळी 32 ते 40 मिमी जाडीची, भिंतीपासून 40 ते 50 मिमी अंतरावर. अंतर जास्त ठेवलं तर हात मनगटापर्यंत आत जाऊन अडकतो.

फरशी निघालेलीच असते, तेव्हा भिंतीचं कामही करून घ्यावं: कमोडशेजारी आणि शॉवरशेजारी, जिथे बार येणार तिथले ब्लॉक काढून भरीव काँक्रीट भरा, दोन 8 मिमी सळ्या घालून. गिलाव्याआधी मोजायची टेप लावून भिंतीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे ड्रिल पाइपवर जात नाही. भिंत तोडायचीच नसेल, तर आरपार बोल्ट आणि पलीकडे स्टीलची पट्टी, किंवा ब्लॉकला चालणारा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट).

बारची उंची मापाने ठरवू नका, माणसाला बसवून ठरवा. साधारण आसनाच्या वर 200 ते 250 मिमीवर आडवा बार, आणि उठताना ओढायला समोरच्या बाजूला एक उभा. कमोडचंही तेच. बाजारातला साधा कमोड 400 मिमीच्या आसपास असतो. गुडघे दुखणाऱ्याला 450 ते 480 सोपं पडतं. पण ठेंगण्या आजींचे पाय 480 वर लोंबकळतील. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं माप घ्या. भिंतीला टांगायचा कमोड असेल तर ही उंची टाकी बसवतानाच पक्की होते, नंतर बदलत नाही.

जुन्या घरांत संडास आणि मोरी वेगळी, मधे साडेचार इंची भिंत. ती काढली (स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच) तर व्हीलचेअर वळायला लागणारा 1500 मिमीचा घेर बऱ्याचदा मिळतो. अडीच फुटी दाराच्या चौकटीतून प्रत्यक्ष मोकळी जागा 680 मिमीच्या आतच राहते, व्हीलचेअर अडकते. 900 मिमी मोकळे मिळतील अशी चौकट करा, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने उघडणारी घ्या.

गीझरबद्दल मेसेज गप्प आहे. खरं तर वीज आणि सुरक्षितता इथेच एकत्र येतात. गीझर लांब असेल तर 10 मीटर पाऊण इंची पाइपमध्ये सुमारे अडीच लिटर पाणी थंड होऊन पडून राहतं. ते आधी वाया जातं, वीज जाते, आणि म्हातारं माणूस ओलं, कुडकुडत उभं राहतं. गीझर न्हाणीच्या भिंतीलाच आणा. 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते; सोलर हीटरमधून मे महिन्यात पाणी त्याहूनही कडक येतं. नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा) बसवून 40 अंशांवर लावा. तोपर्यंत नियम एकच: बादलीत आधी गार पाणी.

दुसरी: दारात रॅम्प

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा चढा नको. जोतं 450 मिमी असेल तर 5.4 मीटर लांबी लागते, वर दारासमोर दीड मीटर सपाट जागा. पायऱ्यांवर ओतलेला चार फुटी रॅम्प सुमारे 1:3 चा होतो. त्यावरून व्हीलचेअर उलटते. तेवढी जागा नसेल तर रॅम्पचा आग्रह सोडा. गुडघेदुखीच्या माणसाला 150 मिमी उंच, 300 मिमी रुंद तीन पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा उतारापेक्षा सोपा पडतो. जागा असेल तर दोन्ही करा. पॉलिश ग्रॅनाइट नको. झाडूने आडव्या रेघा ओढलेलं काँक्रीट चालतं. कोकणात वर पत्रा हवाच, नाहीतर जुलैत शेवाळ धरतं.

तिसरी: फाइव्ह स्टार एसी

वय वाढलं की घाम कमी येतो आणि उकाडा उशिरा जाणवतो. म्हणून प्रश्न दुपारपुरता नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. त्या छताखाली फाइव्ह स्टार एसीसुद्धा अखंड चालतो, आणि नागपूर-अकोल्याकडे वीज गेली की खोली भट्टी होते. आधी छत. वॉटरप्रूफिंगवर 50 मिमी एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) बोर्ड, त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). थर स्लॅबच्या वर हवा. खालून लावला तर स्लॅब तापतच राहतो, प्रसरण पावतो आणि भेगा पडतात. एवढं जमत नसेल तर पांढरा परावर्तक रंग, पण दर मार्चमध्ये धुवायचा, कारण धुळीने तो मळला की परिणाम घटतो.

मग पश्चिमेची भिंत. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेला दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, छज्जा ते अडवत नाही. तिथे खिडकीबाहेर बांबूची चिक किंवा जाळी. आतला पडदा ऊन अडवेपर्यंत उष्णता घरात आलेली असते. विदर्भात कोरड्या दिवसांत कूलर उत्तम, मुंबई-गोव्याच्या दमटपणात निरुपयोगी. एवढं झाल्यावर एसी 26-27 वर ठेवून पंखा लावला की पुरतो. पंखा बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) घ्या: 75 वॉटऐवजी 30. रोज 16 तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे 21-22 युनिट वाचतात, आणि रिमोटमुळे रात्री उठावं लागत नाही.

चौथी: सोलर असेल तर लाइट जात नाही

हे सरळ चुकीचं आहे. साधी ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा ग्रिड गेलं की स्वतःहून बंद होते, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, बिल कमी होतं, जरूर लावा. पण घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) असेल तर बॅटरी वेगळी हवी. हिशेब: कॉन्सन्ट्रेटर 350 वॉट, दोन पंखे 60, दिवे 40, चार तासांना 1.8 युनिट. 12 व्होल्ट 150 एएचच्या एका बॅटरीत कागदावर तेवढेच असतात, हाती येतात बरेच कमी. दोन घ्या. या तीन गोष्टींची वायर वेगळ्या सर्किटवर काढा आणि भरलेला सिलिंडर शेजारी ठेवा. पॅनेल धुवायला बाबांनी शिडी चढायची नाही; बांधतानाच पाण्याचा पाइप आणि फवारे वर न्या.

पाचवी: कमी वॉटचे दिवे

साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. एलईडीने वीज वाचतेच, मग 5 वॉटवर काटकसर कशाला? स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि पायऱ्यांवर 9 वॉटचे दोन लावा. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर तिरीप येऊ नये म्हणून दिवा झाकलेला असावा. पलंग ते संडास या वाटेवर गुडघ्याखाली 1-2 वॉटचे पिवळसर सेन्सर दिवे, आणि मोठ्या दिव्याचं एक बटण पलंगाशी.

काम संपल्यावर गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बघा. कुठे थारोळं दिसलं तर तेवढी टाइल त्याच दिवशी काढायला लावा. मग ग्रॅब बारला तुमच्यातल्या सर्वांत वजनदार माणसाने पूर्ण भार देऊन लटकायचं. बार जरासाही हलला तर आई-बाबांना त्याला हात लावू देऊ नका.