सावजीच्या तिखटाला दोष देऊ नका

रविवारी सावजी चिकन झालं, बुधवारी ताप-जुलाब लागले, की आपण मंगळवारच्या पाणीपुरीला शिव्या घालतो. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सुखाने राहतो, पक्षी आजारीही दिसत नाही. माणसात तो बहुधा २ ते ५ दिवसांनी त्रास देतो, म्हणून खापर भलत्याच ठेल्यावर फुटतं.

रस्सा निर्दोष आहे बरं. तिखटाने नाही, रटरटण्याने जंतू मरतात. मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश पुरतात. घात करतो तो ताटातला कच्चा कांदा, चिकनच्याच सुरीने चिरलेला. काही शे जंतूही पुरतात. कांदा, लिंबू, सांबार (कोथिंबीर) आधी चिरून ठेवा, चिकनला हात मग. आणि नळाच्या धारेखाली चिकन धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या भांड्यांवर जातात.

पण घरच्या बाईवर सगळा भार टाकणं मला पटत नाही. मूळ चिकनच्या दुकानातल्या ड्रममध्ये आहे. गळा कापून ४-५ पक्षी एकाच ड्रममध्ये टाकले की ते एकमेकांच्या विष्ठेत तडफडतात. एकाचे जंतू सगळ्यांच्या अंगाला. भिंतीला पत्र्याचे शंकू लावा, प्रत्येकात एक पक्षी उलटा, दीड-दोन मिनिटं रक्त निथळू द्या. खर्च फार नाही, सवय मोडणं अवघड.

त्याच्याही आधी शेड. कापण्यापूर्वी ८ ते १२ तास दाणा बंद, पाणी चालू. कमी वेळ दिला तर भरलेलं आतडं सुरीखाली फुटतं. फार जास्त दिला तर आतड्याची भिंत कमजोर होऊन तेच होतं, वर उपाशी पक्षी खालचा भुसा आणि विष्ठा टोचतात. मात्र पोटातला दाणाही वजनात मोजला जात असेल, तर शेतकरी तो बंद कशाला करेल? व्यापाऱ्याने भाव ठरवतानाच हे बोलून घ्यावं.

दुकानात चिकन तोडायच्या ठोकळ्यावर नुसतं ब्लिचिंगचं पाणी ओतण्यात अर्थ नाही. रक्त-चरबी क्लोरीन खाऊन टाकते. आधी खरवडा, साबणाने घासा, मग १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ताजी पावडर ढवळून, वरचं निवळ पाणी ठोकळ्यावर १० मिनिटं ठेवा. ताजी म्हणजे खरंच ताजी: नागपूरच्या मे महिन्यात उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं, आणि उरलेल्या चुन्याने ठोकळा फक्त पांढरा होतो.