पायथन ३.१५ ची चर्चा आत्ताच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१५ या आवृत्तीत काय येणार यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आवृत्ती ऑक्टोबर २०२६ ची, म्हणजे तोवर सगळं ‘बाजारात तुरी’, जाहीर झालेल्या गोष्टीही ऐनवेळी गळतात, कामाच्या ठिकाणी माणसं अजून ३.१० वर आहेत. आणि अशा लेखांमुळे शिकणाऱ्यांचं लक्ष पायाभूत गोष्टींवरून उडतं.

आधी माझी चूक मान्य करतो. मंजूर झालेले प्रस्ताव आणि नुसती चर्चा चाललेले प्रस्ताव मी एकाच दमात सांगितले, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळंच पक्कं वाटलं असणार. लेझी इम्पोर्टचा (मॉड्युल, म्हणजे तयार कोडची फाइल, प्रत्यक्ष लागेल तेव्हाच चढवण्याचा) पेप ८१० नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला; पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) गृहीत धरण्याचा पेप ६८६ त्याच्या कितीतरी आधी. जे अजून मंजूर नाहीत, त्यांच्यापुढे तसं आता लिहिलं आहे.

गोष्टी गळतात हेही खरं. पण त्या का गळतात ते बघा. टाइप अ‍ॅनोटेशन (कुठे कोणत्या प्रकारची माहिती येईल हे सांगणारी कोडमधली टीप) लगेच न चालवता मजकूर म्हणून ठेवायची पद्धत (पेप ५६३) ३.७ मध्ये ऐच्छिक म्हणून आली आणि ३.१० मध्ये सगळ्यांना लागू होणार होती. प्रोग्राम चालू असताना अ‍ॅनोटेशन वाचणाऱ्या पायडँटिकसारख्या लायब्ररींचं त्यामुळे अवघड होणार होतं. त्या लोकांनी ते वेळेत, उदाहरणांसकट मांडलं. एप्रिल २०२१ मध्ये, पहिल्या बीटाला (चाचणीसाठीच्या आवृत्तीला) जेमतेम दोन आठवडे उरले असताना, पायथनचे अंतिम निर्णय घेणाऱ्या स्टीअरिंग कौन्सिलने तो बदल मागे घेतला. पुढे वेगळा मार्ग शोधला गेला आणि २०२५ मध्ये ३.१४ मधून तो आला. तुम्ही याला ‘ऐनवेळी गळणं’ म्हणाल. मला यात वेगळं दिसतं: आधीपासून लक्ष ठेवणारी माणसं होती म्हणून हजारो प्रोग्राम मोडता मोडता वाचले. पहिल्या बीटानंतर नवीन काही घेत नाहीत, आणि आवृत्ती हातात आल्यावर आपल्याला फक्त जुळवून घ्यायचं उरतं. बोलायची वेळ असते ती त्याआधीची, आणि मी लिहितो ते त्या वेळेसाठी.

आता यूटीएफ-८ बद्दल. ‘हे तर आम्ही कधीपासून वापरतो’ असं तुम्ही एका ओळीत संपवलंत, तिथे मला थांबावंसं वाटतं. लिनक्स किंवा मॅकवर तुमचं बरोबर आहे. विंडोजवर ओपन फंक्शनला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथन आजही त्या मशीनचं जुनं कोडपेज (ठरावीक भाषांपुरतं जुनं एन्कोडिंग) वापरतो. ते १२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचं) असेल तर काय होतं ते करून बघा. यूटीएफ-८ मध्ये जतन केलेल्या एका फाइलमध्ये फक्त ‘कमल’ लिहा, दुसरीत ‘पुस्तक’. पहिली फाइल विनातक्रार वाचली जाते आणि तीन अक्षरांच्या जागी नऊ अगम्य चिन्हं मिळतात. दुसरी वाचताना प्रोग्राम एरर देऊन थांबतो. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट (हेक्समध्ये) ८१ आणि जोडाक्षरातल्या हलन्ताचा ८डी, आणि कोडपेज १२५२ मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. दीर्घ ऊकाराचा बाइट ८२, तो मात्र निमूट आत जातो.

माझ्या एका प्रोग्रामने असाच दोन दिवस छळ केला होता. काही फाइली चालत, काही पडत, आणि मी चूक फाइलींमध्ये शोधत होतो. खरा फरक बहुतेक ठिकाणी इतकाच होता की एखाद्या फाइलीत जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार होता की नव्हता. पडलेल्या फाइली निदान ओरडून सांगत होत्या. मुकाट्याने बिघडलेला मजकूर पुढे डेटाबेसपर्यंत पोचला होता, आणि तो निस्तरायला जास्त वेळ गेला.

३.१५ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत असेल, म्हणून मला या बदलाचा मनापासून आनंद आहे. पण याच बदलाची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या जुन्या फाइली खरोखरच १२५२ मध्ये जतन केल्या आहेत आणि ज्यांनी कोडमध्ये एन्कोडिंग कधी लिहिलंच नाही, त्यांचं आजवर बिनबोभाट चाललेलं काम अडेल. त्यांना हे ऑक्टोबरमध्ये कळावं की आत्ता? एन्कोडिंग न सांगता फाइल उघडणाऱ्या जागा दाखवणारी सूचना ३.१० पासूनच पायथनमध्ये आहे, फक्त मुद्दाम चालू करावी लागते. जिथे जुनंच कोडपेज हवं आहे तिथे एन्कोडिंग म्हणून ‘लोकेल’ असं स्पष्ट लिहायचं. तेही ३.१० पासून चालतं. म्हणजे ३.१५ ची तयारी तुमच्या ३.१० वर आजच करता येते.

आणि ३.१० म्हणालात म्हणून सांगतो. पायथनची प्रत्येक आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्येच संपते, म्हणजे ३.१५ येईल त्याच महिन्यात. त्यानंतर तिला सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा मिळणार नाहीत. तिथून वर चढताना ३.१२ मधून गेलेलं डिस्टयुटिल्स हे मॉड्युल आणि ३.१३ मधून काढलेली सीजीआय, टेलनेटलिब यांसारखी एकोणीस मॉड्युलं वाटेत लागतील. या सगळ्यांच्या सूचना आधी देऊन झाल्या होत्या. पण येणाऱ्या आवृत्तीबद्दल वाचलंच नाही, तर जाणाऱ्या गोष्टींबद्दलही कळत नाही.

लेझी इम्पोर्टला तुम्ही ‘चैन’ म्हणालात. ज्याचा प्रोग्राम एकदा सुरू होऊन दिवसभर चालतो, त्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण कमांड लाइनवर नुसती मदत मागितली तरी डझनभर जड मॉड्युलं चढवणारी साधनं मी रोज वापरतो, आणि दर वेळी ते ताटकळणं जाणवतं. आता इम्पोर्टच्या आधी ‘लेझी’ हा शब्द लिहिला की मॉड्युल पहिल्यांदा लागेल तेव्हाच चढेल. याआधीचा पेप ६९० हे सगळं पडद्याआड आपोआप करू पाहत होता, तो २०२२ मध्ये नाकारला गेला. नव्यात निवड लिहिणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून मला तो जास्त पटतो. एक धोका मात्र राहतो: मॉड्युल नसल्याची चूक फाइलच्या माथ्यावर न दिसता पहिल्या वापराच्या जागी, कदाचित तासाभराने दिसेल. सरसकट प्रत्येक इम्पोर्टला ‘लेझी’ लावू नका.

शिकणाऱ्यांबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पहिले सहा महिने त्यांनी अशा लेखांकडे फिरकू नये, आणि ते आता लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे.

तुमच्याकडे रोजच्या फाइली वाचणारी स्क्रिप्ट विंडोजवर चालते, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ती वरची सूचना चालू करून एकदा चालवून बघाल का? किती जागा निघाल्या ते इथेच कळवा. त्यातली एखादी साध्या दुरुस्तीने सुटत नसेल, तर मे महिन्यातल्या बीटाआधी पायथनच्या इश्यू ट्रॅकरवर (चुका नोंदवायच्या जागी) नोंद करू. चूक पुन्हा घडवून दाखवणारं छोटं उदाहरण मी तयार करून देतो.