ॲव्हरेज किती देते?

परवा पेट्रोल पंपावर माझ्यामागे रांगेत असलेल्या एका गृहस्थांनी पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशी दोन्ही असलेल्या माझ्या गाडीच्या पाठीवरचा ‘हायब्रीड’ हा शब्द वाचला, स्वतःच्या गाडीतून उतरून माझ्या काचेवर टकटक केली आणि ‘म्हणजे तुम्हालाही इथेच यावे लागते तर!’ असे इतक्या तृप्तीने म्हटले की, टाकी फुल करण्याचा बेत सोडून मी हजाराचेच पेट्रोल घ्यायचे ठरवले.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. शहरात 22, एक्स्प्रेसवेवर 18, असे मी खरे ते सांगितले. ‘उलटे सांगताय,’ ते म्हणाले. मी समजावू लागलो की, ब्रेक दाबला की साध्या गाडीत वेगाची सारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, हायब्रीडमध्ये तिचा काही भाग बॅटरीत परत येतो. सिग्नलला इंजिन बंद राहते. एक्स्प्रेसवेवर मात्र ब्रेकच फारसा लागत नाही आणि सगळा भार हवा कापणाऱ्या इंजिनावर पडतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ‘म्हणजे ही अडकली की चांगली चालते!’ इतक्या नेमक्या शब्दांत मलाही ते सांगता आले नसते, आणि राग आला तो त्याचाच.

जाहिरातीतला आकडा कुठे गेला, अशीही चौकशी झाली. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रीडसाठी, म्हणजे काही अंतर नुसत्या बॅटरीवरही चालणाऱ्या प्रकारासाठी, लिटरला 27.97 किलोमीटर असा आकडा जाहीर झाला होता, तो त्यांना दशांशासह पाठ होता. असे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांनी गाडी चालवून काढतात. ते प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. पण टेकडी उतरून पौड फाट्याचा सिग्नल ओलांडेपर्यंत काय जळते, ते त्या चाचणीत येत नाही.

मग त्यांनी माझेच पेन मागून घेतले आणि माझ्याच पावतीच्या पाठीवर, माझ्याच बॉनेटवर हिशेब मांडला. वर्षाला 12,000 किलोमीटर; हीच गाडी साध्या पेट्रोलची असती तर 15 च्या ॲव्हरेजने 800 लिटर, तुमची 22 ने 545; वाचले 255 लिटर; 105 रुपये भाव धरला तर 26,775 रुपये. ‘जास्तीचे किती मोजलेत?’ ‘तीन लाख,’ मी पुटपुटलो. ‘अकरा वर्षे! आणि बॅटरीची वॉरंटी?’ ‘आठ.’ पेट्रोल भरणाऱ्या मुलानेही नळी हातात धरून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न तेवढा माझ्या बाजूने होता.

हिशेबात चूक नव्हती. पण असा हिशेब फक्त माझ्याच गाडीचा का व्हावा? त्यांच्या डिझेल गाडीला सनरूफ होते, आणि पुण्याच्या उन्हात व धुळीत ते वर्षातून कितीदा उघडत असेल, हे उघड आहे. त्याचे पैसे किती वर्षांत वसूल होतात, असे मी विचारले.

‘ते मुलाची हौस म्हणून घेतले,’ ते म्हणाले, ‘हौसेला हिशेब नसतो.’ आणि माझे पेन खिशाला लावून ते आपल्या गाडीकडे वळले.