रेंज नसतानाही ११२ लागतो म्हणे!

पावसाळा सुरू झाला की ट्रेकच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: रेंज शून्य असली तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लागतोच, कारण तो थेट सॅटेलाइटवरून जातो, आणि बॅटरी संपत आली तर *३३७०# दाबा, लपवलेली बॅटरी सुरू होते.

आधी सॅटेलाइट. आपला फोन बोलतो तो जवळच्या टॉवरशी. तिथून पुढे कॉल जातो जमिनीखालच्या फायबरने, नाहीतर मायक्रोवेव्हच्या डिशवरून. समोरचा माणूस सापडतो कसा? त्याचा फोन खिशात असतानाही अधूनमधून नेटवर्कला कळवत असतो की मी अमुक भागात आहे. त्या भागातल्या टॉवरवरून त्याला हाक जाते, त्याचा फोन ओ देतो आणि मग रिंग वाजते. यात उपग्रहाचं काही काम नाही. ४जी फोन फार तर ०.२ वॉटने ओरडू शकतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर, साध्या कॉलची हाक तिथवर पोहोचत नाही. आयफोन १४ वर सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय आली, २०२२च्या अखेरीस अमेरिका-कॅनडात. पण तोही कॉल नव्हे, लेखी संदेश! शिवाय त्यासाठी उघड्यावर उभं राहून फोन उपग्रहाच्या दिशेने धरावा लागतो.

११२च्या बाबतीत मात्र अर्धं खरं आहे, आणि तेच घातक. स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ आलं, तर सहसा त्याचा अर्थ असा की तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर पोहोचतोय आणि आणीबाणीचा कॉल तो घेऊ शकतो. कुठलाच टॉवर पोहोचत नसेल, तर ११२ लावा नाहीतर घरचा नंबर, फळ एकच. सह्याद्रीत घळीत किंवा कड्याच्या पोटाशी रेंज मरते. सोंडेवर चढलं की मधला डोंगर हटतो आणि दोन काड्या येतात. कुणी जखमी असेल तर जागेवर बसून ११२ कुटत राहू नका, दोन धडधाकट जणांना धारेवर पाठवा. कॉल तुटत असेल तर साधा एसएमएस करा, त्याला क्षणभराची रेंजही पुरते.

बॅटरीचं म्हणाल तर रेंज नसलेल्या पट्ट्यात एअरप्लेन मोड लावा, नाहीतर टॉवर शोधता शोधताच ती उतरते. तो *३३७०# जुन्या नोकियांवर आवाज सुधारण्यासाठी होता. त्याने बॅटरी वाढायची नाही, उलट थोडी जास्तच खर्ची पडायची.